डेपोजवळ घर पाहिजे

माझी नणंद मेट्रो चालवते. हे सांगितलं की लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, भीती नाही का वाटत? दुसरा, लग्न? दोन्हींची उत्तरं तिला पाठ आहेत, पण ती देत नाही. मग मीच देते. भीती तिला फक्त पालीची वाटते, आणि लग्नाचं ज्याचं त्यानं बघावं.

स्वभावानं ती सरळ आहे, म्हणजे इतकी सरळ की कधीकधी समोरच्याला टोचते. बोलणं कमी. पण कामाची एक सवय तिच्याबरोबर घरात आली आहे. गाडी चालवताना त्यांना प्रत्येक गोष्टीकडे बोट दाखवून ती मोठ्यानं म्हणावी लागते. सिग्नल हिरवा. दारं बंद. फलाट मोकळा. नुसतं बघून भागत नाही, कारण नुसतं बघणारा माणूस बघता बघता झोपतो, असं त्यांना शिकवतात. त्यामुळे ही घरातून निघतानाही गॅसकडे बोट करून "गॅस बंद", नळाकडे बोट करून "नळ बंद" म्हणते. समोरच्या आजीबाईंना पुष्कळ दिवस वाटायचं की पोरगी भिंतीशी बोलते. मी त्यांचा गैरसमज लगेच दूर केला नाही, कारण तेवढे दिवस त्यांनी लग्नाचं विचारलं नाही.

तिचा भाऊ, म्हणजे माझा नवरा, कड्या-कुलपांचं दुकान चालवतो. आईवडील लवकर गेले आणि हिला यानंच लहानाची मोठी केली. मी या घरात आले तेव्हा ती दोन वेण्या घालून शाळेत जायची आणि हा फाटकापर्यंत सोडायला जायचा. जगातल्या प्रत्येक दाराला आतून एक आणि बाहेरून एक कुलूप असावं, हे त्याचं धंद्याचं मत आहे आणि घरगुती मतही तेच.

आता अडचण अशी होती. नणंदबाई पहाटेची पहिली गाडी काढतात. त्या गाडीनं सगळं शहर कामावर जायला निघतं, पण ती गाडी काढणारीनं डेपोत जायचं कसं? तेव्हा कुठलीच गाडी सुरू झालेली नसते. ऑफिसची जीप आमच्या बाजूला फिरकत नाही. डेपो शहराच्या एका टोकाला आणि आम्ही दुसऱ्या. म्हणून नवरा तिला स्कूटरवरून सोडायचा. रोज. नोकरी लागल्यापासून, म्हणजे सहा वर्षं. सोडून यायचा, तासभर आडवा व्हायचा आणि डोळे चोळत दुकान उघडायचा. एका गिऱ्हाइकाला त्यानं कुलूप एक दिलं आणि किल्ली भलत्याच कुलपाची. तो बिचारा घराबाहेर दोन तास बसला आणि नंतर आमच्या दुकानात येऊन जे बोलला ते मी इथे लिहीत नाही.

हे असंच चाललं असतं, पण एकदा स्कूटर पंक्चर झाली आणि तिला उशीर झाला. पुढच्याच महिन्यात पुलाचं काम निघालं, नवऱ्यानं झोपेत भलतंच वळण घेतलं आणि पुन्हा उशीर झाला. पहिल्या गाडीचा उशीर म्हणजे मागच्या सगळ्या गाड्यांचा उशीर. साहेबांनी बोलावून सांगितलं की आता आणखी एकदा असं झालं तर चालवणं बंद. हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसायचं, छत्र्या आणि डबे सांभाळत. पगार तोच राहील, असंही म्हणाले, म्हणजे जणू उपकारच.

त्या दिवशी घरी येऊन तिनं ताट वाढून घेतलं आणि जेवली नाही. रडली असती तर मी समजूत घातली असती. न जेवलेल्या माणसाला काय सांगणार?

"वहिनी, मी डेपोजवळ घर बघते," ती म्हणाली.

"का? हे घर काय पडलं का?" नवरा आतून म्हणाला.

"घर नाही पडलं दादा. तू पडशील एक दिवस स्कूटरवरून."

घर पाहावं बांधून, म्हणतात. भाड्याचं घर शोधून पाहिलेलं नाही म्हणून म्हणतात. फोनवर एक अ‍ॅप असतं. त्यात काय हवं ते सांगायचं आणि ते काय नको ते दाखवतं. तिच्या अटी दोनच. डेपोत चालत पोचता आलं पाहिजे, आणि भाडं ऑनलाइन घेणारा मालक पाहिजे. ऑनलाइन कशाला, तर तिचं ऑफिस घरभाड्याचा भत्ता देतं, पण भाडं स्वतःच्या खात्यातून गेल्याचा पुरावा मागतं. शिवाय पहाटे उठणारं माणूस दिवसा झोपतं, आणि रोख भाडं घेणारा मालक नेमका दिवसा दार वाजवतो.

नवऱ्यानं दोन दिवस तोंड फुगवलं. तिसऱ्या दिवशी एकदम उत्साहानं फोन नाचवत आला. "मिळालं! स्टेशनच्या पायऱ्या उतरल्या की बिल्डिंग. लिफ्ट आहे, वॉचमन आहे, भाडं ऑनलाइन. मालकाशी बोललोसुद्धा."

नणंदेनं फोटो बघितले. स्वयंपाकघर बघितलं, खिडकी बघितली. मग विचारलं, "इथून डेपोत कशी जाऊ?"

"स्टेशनच्या दारात आहे म्हणतोय ना. मेट्रोनं जा."

"पहिल्या गाडीच्या आधी?"

"हो."

"ती गाडी कोण आणतं, दादा?"

नवरा थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला, मग फोनकडे, मग आत जाऊन पाणी प्यायला. सहा वर्षं स्वतःच्या हातानं तिला डेपोत सोडणाऱ्या माणसाला हे सुचू नये याचं मला हसू आवरेना. पण त्याचं एकट्याचं काय चुकलं? अ‍ॅपही तेच करत होतं. 'स्टेशनजवळ' म्हटलं की घरांची रांग लागायची. 'डेपोजवळ' म्हटलं की एक बसडेपो, एक लाकडाची वखार आणि एक दवाखाना दाखवायचं. डेपोजवळ राहायला कुणाला आवडतं? तिकडे गोदामं आहेत, ट्रकांची रांग आहे आणि गाड्या धुतल्याचं पाणी आहे.

मग आम्ही दोघी पायीच निघालो. तिची ड्युटी दुपारी संपायची. मी डेपोच्या फाटकाशी जायचे आणि तिथून गल्ल्या पालथ्या घालायचो. ती घरात शिरली की बोट दाखवत सुटायची. नळाला पाणी. खिडकीला कडी. छताला ओल. मालक लोक आधी चपापायचे आणि मग छताकडे बघायचे.

एका म्हाताऱ्या मालकाचं घर चांगलं होतं. तो म्हणाला, "भाडं रोख. ते बँकबिंक आपल्याला नको. आणि घरातल्या कर्त्या माणसानं आणून द्यायचं."

"घरातली कर्ती मीच," नणंद म्हणाली.

त्यानं तिच्या मागे बघितलं. मागे मी उभी होते. माझ्याही मागे बघितलं. तिथे चपलांचं कपाट होतं. आम्ही निघालो.

पण तीन घरं खरंच जमली. एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको, एक दातांचा डॉक्टर आणि एक शिवणकाम करणारी बाई. तिघांनाही ऑनलाइन भाडं चालत होतं, तिघांनाही मुलगी पसंत होती. पहाटे निघते, हेही तिनं तिघांना आधीच सांगितलं होतं. आणि तिघांकडूनही दुसऱ्या दिवशी नकार. मास्तरांकडे अचानक पाहुणे येणार होते. डॉक्टरनं रंगकाम काढलं. शिवणवाल्या बाईनं तर फोनच उचलला नाही.

पहिल्या नकाराला तिनं खांदे उडवले. दुसऱ्याला म्हणाली, असतं नशिबात एकेकदा. तिसऱ्यानंतर ती आरशासमोर केस विंचरत होती आणि मध्येच थांबून तिनं मला विचारलं, "वहिनी, माझ्या चेहऱ्यात काही आहे का? म्हणजे लोकांना भरवसा वाटत नाही असं?"

हजारभर माणसं बोगद्यातून नेणारी बाई हे विचारत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुपारी ती झोपल्यावर मी चपला घातल्या आणि तडक शिवणवाल्या बाईचं घर गाठलं. म्हटलं, भाडं नको असेल तर नको, पण कारण कळू दे.

बाई मशीनवर बसल्या होत्या. मला बघून त्यांनी पाय थांबवला आणि जरा ओशाळल्या. "मुलगी फार आवडली होती हो. पण संध्याकाळी तुमच्या मिस्टरांचा फोन आला."

"कुणाचा?"

"तुमच्या मिस्टरांचा. म्हणाले, पहाटे ती निघेल तेव्हा जरा उठून गॅलरीत उभ्या राहा, कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघा आणि मग मला फोन करा. रोज. म्हणाले, दाराला आणखी एक कडी बसवून देतो, फुकट. म्हणाले, तिला जरा सर्दी होते, तेवढं बघा. बाई, मला बीपी आहे. मी भाडेकरू ठेवत होते, मुलगी दत्तक घेत नव्हते."

मास्तरांना आणि डॉक्टरलाही हेच असणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. भीक नको पण कुत्रा आवर, तसं त्या तिघांनी भाडं नको पण भाऊ आवर म्हणून हात जोडले होते. आणि इकडे आम्ही तिच्या चेहऱ्यात खोट शोधत होतो.

मी तशीच दुकानात गेले. नवरा कानशीनं किल्ली घासत होता.

"तू त्या तिघांना फोन केलेस?"

त्यानं वर बघितलं नाही. "केले. नंबर तुझ्याच फोनमधून घेतले. वाईट काय बोललो? जरा लक्ष ठेवा म्हटलं."

"रोज पहाटे लोकांनी उठायचं?"

"मी उठतो की."

"तू तिचा भाऊ आहेस."

"म्हणूनच तर. इथून निघते तेव्हा मी बरोबर असतो. तिथे दारातून फाटकापर्यंत कोण असणार? कुणीतरी बघायला नको?" एवढं बोलून तो पुन्हा किल्ली घासायला लागला, घासून झालेलीच बाजू. समोर कुलपांची रांग टांगलेली होती. त्यातलं एक उचलून त्याला मारावं असं वाटत होतं, आणि त्याच वेळी वाईटही वाटत होतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

ही गोष्ट पोटात ठेवावी असं मला क्षणभर वाटलं. पण माझ्या पोटात तशी जागा नाही. रात्रीच्या जेवणाला तिघंही बसलो होतो तेव्हा मी सरळ सांगून टाकलं. शिवणवाल्या बाईचं दत्तक घेण्याचं वाक्यही सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. तिनं हातातला घास ताटात ठेवला आणि भावाला विचारलं, "सर्दीचंसुद्धा सांगितलंस?"

"होते की तुला," तो म्हणाला.

ती हसली नाही. बोलायला लागली, अगदी हळू. "दादा, माझ्या मागे गाडीत माणसं भरलेली असतात. दवाखान्यातल्या बाया असतात, झाडूवाले असतात, परीक्षेला निघालेली मुलं असतात. त्यांच्या घरची माणसं तेव्हा झोपलेली असतात. आजपर्यंत कुणी मला फोन करून सांगितलं नाही की ताई, जरा लक्ष ठेवा. माझ्या भरवशावर झोपतात ते. ओळख ना पाळख. आणि तू?"

नवऱ्यानं आमटीची वाटी उगाच इकडची तिकडे सरकवली.

"खिडकीवर बसले तर तुला बरं वाटेल का? छत्र्या सांभाळत? तिथे मला काही म्हणजे काही होणार नाही."

तो मान हलवून म्हणाला, "नाही. बरं नाही वाटणार."

एवढंच झालं. माफी वगैरे आमच्या घरात मागत नाहीत. तो उठला आणि स्वतःचं ताट स्वतः घासलं, त्यावरून काय ते समजून घ्यायचं.

पुढचं घर अ‍ॅपवर नव्हतंच. डेपोच्या कॅन्टीनवाल्यानं सांगितलं. फाटकासमोरच्या रस्त्याला जुन्या टायरांना नवा थर चढवण्याचा कारखाना आहे, त्याच्या मागे लोखंडी जिना आणि वर चार खोल्या. मालकीण कारखाना स्वतः चालवते. सगळे तिला टायरवाली म्हणतात आणि तीही स्वतःला तेच म्हणते. या वेळी नवराही बरोबर आला. येऊ नको म्हणायला आमची जीभ रेटली नाही.

खोली छोटी, पण स्वच्छ. रबराचा वास होता, तो राहणारच. खिडकीतून डेपोचं फाटक दिसत होतं. नणंदेनं बोटं दाखवून झाल्यावर भाड्याचं विचारलं.

"बँकेत," टायरवाली म्हणाली. "रोख मी घेत नाही. माझे बाकीचे भाडेकरू डेपोतले मेकॅनिक. त्यांच्या नोटा अशा तेलकट काळ्या यायच्या की बँकेतला पोरगा म्हणायचा, मावशी, जमिनीत पुरून ठेवता का? तेव्हापासून सगळं फोनवर. पहिल्या तारखेला आलं पाहिजे. आणि गाऱ्हाणं असेल तर ज्याचं त्यानं येऊन सांगायचं, घरच्यांनी नाही."

नवऱ्याच्या त्या फोनांचं तिला कुणी सांगितलं होतं, की तिचा नियमच तसा होता, कोण जाणे. कॅन्टीनवाल्यांच्या पोटात काही राहत नाही. नवऱ्याच्या ओठांवर शब्द आलेले मला स्पष्ट दिसत होते. गॅलरी, कोपरा, फोन, सर्दी. ते सगळे त्यानं गिळले आणि दाराची कडी हलवून बघत म्हणाला, "ही बदलून देऊ का? ढिली आहे."

"द्या की. पैसे मात्र देणार नाही."

नणंदेनं तिथेच पहिलं भाडं पाठवलं. मालकिणीचा फोन वाजला. तिनं चष्मा लावला आणि आलेलं नाव मोठ्यानं वाचलं. नणंदेचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मध्ये कुणाचीही सही नाही, कुणी कर्तं माणूस नाही. नणंदेचा चेहरा मी बघत होते. आपल्या नावाचं घर झालं की बाईचा चेहरा कसा होतो, ते मला त्या दिवशी कळलं. खोटं कशाला सांगू, मला तिचा थोडा हेवाही वाटला.

"अडीअडचणीला कुणाला फोन करू?" टायरवालीनं विचारलं. "काही झालं तरच करते. उगाच करत नाही."

नवऱ्याचा हात तोवर खिशात गेला होता. त्यानं दुकानाचं कार्ड काढलं, त्यावर नंबर छापलेला असतो. तो कार्ड पुढे करणार, तेवढ्यात नणंद म्हणाली, "वहिनीचा घ्या."

मी नंबर सांगितला. या पोरीच्या वेण्या घालताना केस ओढले म्हणून तिनं माझ्याशी आठवडा आठवडा अबोला धरलेला आहे. आणि आज भाऊ समोर उभा असताना तिनं माझं नाव घेतलं. मला भरूनही आलं आणि नवऱ्याकडे बघवेनाही. त्यानं कार्ड परत खिशात ठेवलं आणि कडीची मापं घ्यायला बसला. गरजेपेक्षा जास्त वेळ तो मापं घेत होता.

परतताना स्कूटर सिग्नलला थांबल्यावर तो मान मागे न वळवता म्हणाला, "बरोबर केलं तिनं. माझा नंबर दिला असता तर मीच त्या बाईला रोज फोन केला असता. तिला माहीत आहे ते."

"तुला वाईट वाटलं?"

"वाटलं," तो म्हणाला आणि सिग्नल सुटला.

ती राहायला गेली. उशीर काही झाला नाही, होण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. जिना उतरायचा, रस्ता ओलांडायचा, फाटक. साहेबांनी पुन्हा खिडकीचं नाव काढलेलं नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला भाडं जातं आणि सुट्टीच्या दिवशी ती आमच्याकडे येते, आली की आधी आमच्या गॅसकडे बोट दाखवते.

पहिल्या पहाटे नवरा सवयीनं उठून बसला. चपला शोधायला लागला, मग त्याच्या लक्षात आलं. अंधारात त्यानं विचारलं, "फोन आला?"

"नाही."

"मग?"

"मग काय? काही झालं तरच येणार आहे. आला नाही म्हणजे ती पोचली."

त्यानं त्यावर विचार केला. मग आडवा झाला, पण झोपला नाही, मला कळतं. असं पुष्कळ दिवस चाललं. तो विचारायचा, मी नाही म्हणायचे, तो कूस बदलायचा. मग तो अर्धवट झोपेतच विचारायला लागला, आणि माझं उत्तर येण्याआधीच घोरायला लागला.

परवा त्यानं विचारलंच नाही. गाढ झोपला होता, तोंड उघडं, हात पसरलेला, सहा वर्षांची राहिलेली झोप एकदम वसूल करत असल्यासारखा. मी फोन उशाखालून काढून बघितला. काही आलं नव्हतं. खिडकीबाहेर उजाडायला लागेपर्यंत मी तो तसाच हातात धरून होते, आणि मग लक्षात आलं की गेले कित्येक दिवस रोज पहाटे मीच जागी असते.